लांडगा दाखवायची नोकरी

माझी नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं. पाटसच्या पलीकडं जो मोठा गवताळ माळ आहे, तिथं मी गाईड आहे. पाहुणे त्याला नॅशनल पार्क म्हणतात, फाटकावरच्या पाटीवर वेगळंच काहीतरी लिहिलंय, आणि आम्ही त्याला माळ म्हणतो. पाहुणे आपापली गाडी घेऊन दिवस उगवायला फाटकाशी येतात. मी साडीवर खाकी शर्ट चढवून आत बसते आणि संध्याकाळपर्यंत ‘इकडं वळा, हळू घ्या, थांबा’ एवढं म्हणत त्यांना माळ दाखवते. हरणं दिसतात, खोकड दिसतं, थंडीत लांबून आलेले शिकारी पक्षी दिसतात. पण माणूस येतो तो लांडग्यासाठी. लांडगा दिसला तर मी चांगली गाईड, नाही दिसला तर मला काही येत नाही.

पुढच्या सीटवर बसलं की माणसं लवकर कळतात. मी दार उघडते तेव्हा तिथं आधीच कुणीतरी बसलेलं असतं आणि बहुतेक वेळा ती बायको असते. मग तिला मागं जावं लागतं. ती ज्या तऱ्हेनं पर्स उचलते त्यावरून दिवस कसा जाणार ते मला समजतं. एकदा एक बाई म्हणाली, “मी कशाला उठू? अहो, तुम्ही मागं जा, गाडी मी चालवते.” नवरा मुकाट्यानं मागं गेला. त्या दिवशी खड्डा आला की मागून ‘हं’ असा आवाज यायचा आणि पुढं आम्ही दोघी गालातल्या गालात हसायचो.

गाडी आत घेण्याआधी मी तीन नियम सांगते. गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही, काही फेकायचं नाही. जो उतरेल त्याला मी मधल्या सीटवरून उठवून अगदी मागं, सामानाशेजारी बसवते. मोठमोठ्या हुद्द्याची माणसं मी तिथं बसवली आहेत आणि ती बसतातही, कारण लांडगा कुठं आहे ते मलाच ठाऊक, असा त्यांचा समज असतो.

फाटकातून आत जाऊन थोडा वेळ झाला की प्रत्येक गाडीत तोच प्रश्न निघतो, “मॅडम, जंगल कधी सुरू होणार?” मी म्हणते, “आपण जंगलातच आहोत.” माणसांच्या मनात जंगल म्हणजे झाडं, वेली, मधूनच डरकाळी. इथं गुडघ्याएवढं गवत, चार बाभळी आणि लांबवर साखर कारखान्याचं धुराडं. पण हेच गवत आहे म्हणून हरीण आहे, लांडगा आहे. कुणी भला माणूस येतो आणि ‘एवढी जागा मोकळी का, इथं झाडं लावूया’ असं म्हणतो, तेव्हा मला धडकी भरते. चारी बाजूंनी ऊस सरकत सरकत माळाच्या अंगावर आलाय, तेवढा पुरे आहे.

माझं माहेर मांडवगण फराट्याकडचं, शिरूर तालुक्यातलं. तिकडं उसात बिबटे. तिकडची माणसं बिबट्या दिसू नये म्हणून चौघंचौघं मिळून उसाला पाणी द्यायला जातात. माझी आई मला विचारते, “जनावर दाखवायचं पैसं देत्यात? आन् जनावर न दाखवायचं कोण देतं का बघ की.”

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरायचा नाही. पुण्याची एक बाई दिवसभर कुजबुजत बोलली. फाटकावर कुजबुजली, गाडीत कुजबुजली, दुपारी डबा खाताना लोणचंही कुजबुजत मागितलं. शेवटी मीही कुजबुजायला लागले आणि घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, घसा धरलाय का. शिक्रापूरच्या कंपन्यांत कामाला असलेली, खोल्या करून राहणारी उत्तरेकडची पोरं एकदा सुट्टीच्या दिवशी भाड्याची गाडी करून आली. “दीदी, शेर किधर है?” म्हणून त्यांनी माझं डोकं खाल्लं. पण वाटेत मेंढरं आडवी आली आणि त्यातल्या एकानं खिडकीतून कोकरू मांडीवर घेतलं ते सोडेना. त्याच्या गावी शेळ्या होत्या म्हणे. शेर विसरून तो पोरगा तासभर त्या कोकराच्या कानामागं खाजवत बसला.

आणि एक होते मोठ्या कॅमेऱ्याचे साहेब. त्यांचं भिंग इतकं लांब की खिडकीबाहेर अर्धी गाडी वाटायची. ऐन उन्हाच्या वेळी गवतात काहीतरी भुरं हललं. साहेब श्वास रोखून म्हणाले, “वुल्फ!” मी बघितलं आणि ओळखलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बोलवेना. खटाखट फोटो निघाले. मग तो ‘वुल्फ’ उठला, अंग झाडलं, शेपूट हलवत सरळ माझ्या खिडकीशी आला आणि दारावर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहिला. तो आमच्या आप्पांचा कुत्रा भुऱ्या होता. साहेब मला म्हणाले, “तुम्हाला ओळखतो?” मी म्हणाले, “इथले लांडगे माणसाळलेत.” परतताना ते एकेक फोटो पुसत बसले.

आप्पा म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या घराण्यात सगळ्यांनी मेंढरं विकून कुणी जमीन केली, कुणी कंपनी धरली. माझा नवरा शिक्रापूरला ट्रक चालवतो. मेंढरं राखतात ते एकटे आप्पा आणि त्यांची बायको अक्का. या माळावर त्यांच्या मेंढरांना पिढ्यानपिढ्यांची वाट आहे. आप्पांची गोफण साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली आणि तोंड त्याहून.

आणि आता धंद्यातलं गुपित सांगते, कारण ते उघडं पडलंच आहे. लांडगा शोधायचा नसतो, मेंढरं शोधायची. जिकडं मेंढरं, तिकडं चार पावलं मागं लांडगा. म्हणून रोज सकाळी फाटकावर जायच्या आधी मी अक्कांना फोन करून विचारायचे की मेंढरं आज कुठं बसली आहेत. पाहुण्यांना हे थोडंच सांगायचं? पाहुण्यांसमोर मी गाडी थांबवायची, खिडकीतून हात काढून वारा बघायचा, दार जरा उघडून बसल्या जागेवरूनच चाकाजवळची चिमूटभर माती उचलून बोटांत चोळून खाली सोडायची, थोडा वेळ डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “उजवीकडं घ्या.” एकेकाच्या अंगावर काटा यायचा. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू.

फोन अक्कांना का, तर थोरल्या दिराशी मी बोलत नाही. आमच्याकडची रीत तशी. लग्न होऊन आले तेव्हापासून आप्पा समोर आले की मी डोक्यावर पदर घेते आणि जे काही बोलायचं ते अक्कांच्या मार्फत. फोनवर गंमत अशी की आप्पा अक्कांच्या शेजारीच बसलेले असायचे. मला त्यांचं स्वच्छ ऐकू यायचं, त्यांना माझं. तरी प्रत्येक वाक्य अक्कांच्या तोंडून गेल्याशिवाय पोचलं असं धरायचं नाही. आणि फोनवर असले तरी पदर डोक्यावर असायचाच.

असं सगळं सुखात चाललेलं असताना वनखात्याचे नवे साहेब आले. ते वाघांच्या मुलखातून बदली होऊन आले होते. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, “पाहुण्यांच्या तक्रारी आहेत. लांडग्याच्या फोटोत मेंढरं येतात म्हणतात. मेंढपाळ लांडग्यांना दगड मारतात असंही माझ्या कानावर आलंय. मी उद्या साधा पाहुणा म्हणून माझ्या गाडीनं येतो. मेंढपाळ लांडग्याला त्रास देताना दिसला, तर मला इथली चराई बंद करावी लागेल.”

माळ बंद झाला तर आप्पांनी मेंढरं न्यायची कुठं? चौफेर ऊस, कुंपणं, प्लॉट. मेंढरं विकायची आणि आप्पांनी ओट्यावर बसून राहायचं, एवढंच उरलं असतं. आणि लांडगा दिसला की आप्पांनी गप्प बसायचं, हे अंगावर गांधीलमाशी बसल्यावर गप्प बसण्यातलं होतं.

संध्याकाळी अक्कांना फोन लावला. “अक्का, आप्पांना म्हणावं, उद्या साहेब येणार हायती. लांडगा आला तरी वरडायचं न्हाई. दगड उचलायचा न्हाई. गोफण तळावर आणायचीच न्हाई आन् भुऱ्याला बांधून ठिवायचं.”

अक्का म्हणाल्या, “अवं, धाकटी म्हणतीय...” आणि सगळं पुन्हा सांगितलं.

पलीकडून आप्पांचा आवाज, “आन् त्यानं कोकरू धरलं तर?”

“कोकरू धरलं तर, म्हणत्यात,” अक्का म्हणाल्या.

“धरलं तर धरलं म्हणावं.”

मग अक्का हळूच म्हणाल्या, “व्हय म्हणत्यात. पर हात कुठं ठिवायचं, इचारत्यात.”

माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, “बुडाखाली ठिवा म्हणावं!” म्हटलं आणि जीभ चावली. असला शब्द थोरल्या दिराला! वाटलं, अक्का तरी तो गाळतील. पण अक्कांनी खुसखुसत जसाच्या तसा पोचवला.

दुसऱ्या दिवशी साहेब साध्या कपड्यात, स्वतः गाडी चालवत आले. मी पुढच्या सीटवर बसले, तीन नियम सांगितले. त्यांनी मान डोलावली. मी वारा बघितला, माती चोळली, डोळे मिटले. साहेब कौतुकानं बघत होते. मग त्यांना बरोबर तिथं नेलं जिथं मेंढरं असल्याचं अक्कांनी सांगितलं होतं.

मेंढरं उतारावर पसरली होती. भुऱ्या बाभळीला बांधलेला. अक्का लांब पाण्याशी. आणि आप्पा एका दगडावर ताठ बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. खरंच बुडाखाली. मला हसू दाबता येईना आणि अभिमानही वाटला. साहेबांनी आपली दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्ही बघा, मला सांगा.”

थोड्या वेळानं टिटवी ओरडली. गवतात दोन कान दिसले, मग पाठ. मी हळूच बोट केलं. लांडगा पोट टेकवून, वारा चुकवून, इतक्या निवांतपणे येत होता की बघत राहावं. भुऱ्यानं दोरी ताणली, गुरगुरला. आप्पा हलले नाहीत. त्यांची मान लाल झालेली मला दुर्बिणीतून दिसत होती, जबडा आवळलेला, पण हात जागच्या जागी. कळपाच्या मागं एक कोकरू एकटंच रेंगाळलं होतं. त्याला गवताची एक काडी आवडली होती. लांडगा थांबला. मागचे पाय गोळा केले.

पुढं काय झालं ते मला साहेबांनी नंतर सांगितलं. मला एवढंच आठवतं की दार उघडं होतं आणि मी गवतातून पळत होते.

“हाऽऽड! हाऽऽड, तुझा मुडदा बशिवला तुझा! सोड त्याला! हाऽऽड!” असं कुणीतरी ओरडत होतं, ती मी. ओरडता ओरडता हातात जे होतं ते मी भिरकावलं. नेम चांगला होता, बालपण मेंढरांमागंच गेलं आहे. साहेबांची दुर्बीण उन्हात चमकत गेली आणि लांडग्याच्या शेपटीमागं सराट्याच्या काट्यांत पडली. लांडगा पळाला. टेकाडावर जाऊन थांबला, वळून माझ्याकडं बघितलं आणि पलीकडं उतरला. कोकरानं मान वर केली आणि परत काडी खायला लागलं.

माझे तिन्ही नियम एकदम मोडले होते. उतरले होते, ओरडले होते, फेकलंही होतं. आणि ते सगळं थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. आप्पा अजून हातावरच बसून होते आणि माझ्याकडं बघत होते. मेंढपाळ लांडग्याला त्रास देतो का हे बघायला आलेल्या माणसासमोर लांडग्याला त्रास दिला होता तो गाईडनं.

साहेब गाडीजवळ उभे होते. ते शांतपणे म्हणाले, “बाई, उतरलेल्या पाहुण्याला तुम्ही कुठं बसवता?”

“मागं, साहेब.”

“बसा.” मग आप्पांकडं वळून, “आणि बाबा, तुम्ही पुढं या.”

आप्पांनी आधी सराट्यातून दुर्बीण शोधून आणली. एका बाजूची काच तडकली होती. मग ते आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या सीटवर बसले, घोंगडी मांडीवर, काठी आत मावेना म्हणून खिडकीबाहेर. मेंढरं अक्कांच्या हवाली करून आम्ही निघालो. आप्पा गाडीला मेंढरासारखं हाकायला लागले. जिभेनं टकटक केलं की साहेबांनी पुढं जायचं, शीळ घातली की वळायचं. साहेब वळत होते.

मध्येच आप्पा म्हणाले, “सायेब, मागं बसलीय तिला म्हणावं, पान्याची बाटली द्या.”

साहेब मागं वळून म्हणाले, “बाई, बाटली द्या म्हणतात.”

“साहेब, आप्पांना सांगा, त्यांच्या पायाशीच हाय.”

“आप्पा, तुमच्या पायाशीच आहे म्हणतात.” मग साहेबांनी गाडी थांबवली. “तुमचं भांडण आहे का?”

“न्हाई वो,” आप्पा म्हणाले, “भावजय हाय.”

साहेबांना ते कितपत समजलं माहीत नाही, पण त्यानंतर त्यांनी अक्कांचं काम इमानानं केलं. मग त्यांनी नको तो प्रश्न विचारला. “आप्पा, या बाई माती चोळून लांडगा कुठं आहे ते सांगतात. तुम्हालाही येतं का ते?”

“मातीत काय कळतंय? मातीत माती आसती.” आप्पांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “रोज सकाळी फोन येतो की हिचा, मेंढरं कुठं हायती म्हून. मेंढरं तितं लांडगं. मेंढरं न्हाईत तर लांडगं काय गवत खात्यात व्हय?”

मी मागच्या सीटवर पदर पार नाकापर्यंत ओढला. साहेबांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. संध्याकाळी फाटकावर गाडी थांबवून मला एवढंच म्हणाले, “मी बोलावीपर्यंत कामावर येऊ नका.”

चराईचं त्यांनी काहीच सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.

त्यानंतर मी घरी बसून राहिले. खाकी शर्ट धुऊन, घडी घालून ठेवला. नवरा ट्रकवरून आला की म्हणायचा, “दादा हातावर बसला, आन् तू?” आणि पोट धरून हसायचा. मलाही त्याच्याबरोबर हसू यायचं आणि तो झोपला की रडू यायचं. माझी नोकरी गेली तर गेली, दुसरी बघितली असती. पण आप्पांनी शब्द पाळला होता. ज्या माणसानं आयुष्यात लांडग्याला कधी सोडलं नाही, तो माझ्या शब्दाखातर हात दाबून बसला आणि त्याची मेंढरं आता माझ्याच हातानं जाणार होती. अक्कांचा फोन येत नव्हता. मला करायचा धीर होत नव्हता. सकाळी उठले की सवयीनं फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे.

एका सकाळी मी कणीक मळत होते तेव्हा फोन वाजला. अक्कांचं नाव बघून पिठाच्या हातानंच उचलला.

“अक्का?”

पलीकडं कुणीतरी घसा खाकरला. “अक्का न्हाई. मी हाय.”

आप्पा. थेट. मध्ये कुणी नाही. मी पिठाच्या हातानं पदर डोक्यावर घेतला आणि तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी पहिला शब्द कुठला बोलायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“ऐकतीयस न्हवं?” आप्पा म्हणाले.

“व्हय, आप्पा.”

“सायेब येऊन गेला. मेंढरं ऱ्हात्यात. म्हनला, मानूस हातावर बसल्यालं आजवर बघितलं न्हवतं.” ते थांबले. “तुलाबी आजपास्नं फाटकावर बोलावलंय.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पिठाच्या हातानं पुसताही येईना.

“लांडगं वड्याच्या अल्याड बसल्याती,” आप्पा म्हणाले. “मातीबीती चोळत बसू नगं. पाव्हणं घिऊन सरळ ये.”

“व्हय.”

“आन् येताना हात घरी ठिवून ये.”